औषधाचे उरलेले चार महिने

क्षयरोग जंतूपासून होतो, हें रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. त्यावर गुणकारी औषधें हातीं येण्यास मात्र आणखी कित्येक दशकें लागलीं. आज नेहमीच्या औषधांस दाद देणाऱ्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार असून आपल्या देशांत सरकारी दवाखान्यांतून तो विनामूल्य मिळतो. असें असतां कांहीं रोगी तो मध्येंच सोडतात. त्यांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु इतके दिवस औषध कां घ्यावयाचें, हें त्यांस कोणीं नीट सांगितलें होतें काय?

पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल हीं चार औषधें, आणि पुढील चार महिने पायराझिनामाइडखेरीज बाकीचीं तीन, अशीं रोज घ्यावयाचीं असतात. आंतड्यांतील कांहीं जंतू अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूस त्याच कामीं पंधरा-वीस तास लागतात. शिवाय त्यांपैकीं कांहीं जवळजवळ निद्रिस्तच असतात. वाढीस लागलेले जंतू औषधानें प्रथम मरतात. त्यामुळें थोड्याच आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, अन्न गोड लागूं लागतें. रोग्यास वाटतें, आपण बरे झालों. सुस्त जंतू मात्र फुप्फुसांत शिल्लकच असतात. अशा वेळीं गोळ्या थांबविल्या तर रोग उलटतो. आणि अर्धवट किंवा अनियमित औषधांतून वांचलेले जंतू कधीं कधीं त्या औषधांस मुळींच जुमानीत नाहींत. मग घरच्या माणसांसही लागतो तो हाच हट्टी क्षय.

दुसरें एक कारण ऐकावयास क्षुल्लक वाटेल. रिफाम्पिसिनमुळें लघवी नारिंगी-तांबूस होते. घाम व आसवेंही रंगतात. हा केवळ औषधाचा रंग होय. पण ज्यास हें आधीं सांगितलेलें नाहीं, तो 'औषध उष्ण पडलें' किंवा 'रक्त जाऊं लागलें' असें समजून गोळ्या टाकून देतो. त्यास दोष कसा द्यावा? याच्या उलट डोळे पिवळे होणें, वारंवार ओकारी येणें, दृष्टि अंधुक होणें हीं खरीं धोक्याचीं चिन्हें होत. तीं दिसतांच त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

पूर्वीं क्षयाच्या रोग्यांस महिनेच्या महिने आरोग्यधामांत ठेवीत. १९५६ सालीं मद्रास येथें स्थापन झालेल्या क्षयचिकित्सा केंद्रानें कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत व कांहींस त्यांच्या गरीब घरींच ठेवून एक वर्ष औषधें दिलीं. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, असा निष्कर्ष १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून उपचाराचें स्थान रुग्णशय्येवरून घरच्या फळीवरील गोळ्यांच्या पुडीकडे आलें, आणि परिचारिकेच्या देखरेखीचें बरेंचसें काम रोग्याच्या समजुतीवर येऊन पडलें.

ही समजूत पारखावयाची कशी? 'समजलें ना?' असें डॉक्टरांनीं विचारल्यास आपल्याकडे बहुधा 'हो' म्हणण्याचीच रीत आहे. 'नाहीं' म्हणण्याचा संकोच वाटतो. 'घरीं गेल्यावर गोळ्या कशा व किती दिवस घ्याल, तें मला सांगा पाहूं,' असें विचारलें म्हणजे चूक तेथल्या तेथें उघडकीस येते. डॉक्टर न विचारतील तर आजोबांबरोबर गेलेल्या नातवानें आपण होऊनच तें सांगून दाखवावें, आणि धोक्याचीं चिन्हें कागदावर मराठींत लिहून घ्यावीं.