बेट कोणाचे? कागद, वहिवाट आणि मौन

व्यापारी बांधवांनो, जागेचा वाद उभा राहिला की आपण आधी कागद शोधतो. मग पाहतो, वहिवाट कोणाची आणि हरकत कोणी घेतली. देशांमधील बेटांचे वादही बहुतांशी असेच सुटतात, हे आम्हाला पेद्रा ब्रांकाच्या खटल्यावरून उमगले.

सिंगापूर सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशी असलेला हा खडक जेमतेम 137 मीटर लांब आहे. मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यापासून तो 7.7 सागरी मैलांवर, तर सिंगापूरपासून सुमारे 24 मैलांवर. म्हणजे जवळचा मलेशियाच. त्यावरचे हॉर्सबर्ग दीपगृह इंग्रजांनी 1851 मध्ये सुरू केले. त्याच्या खर्चाला व्यापाऱ्यांच्या वर्गणीचाही हातभार होता.

1979 मध्ये मलेशियाने नकाशात हे बेट आपले दाखवले. 14 फेब्रुवारी 1980 रोजी सिंगापूरने लेखी हरकत घेतली. अशा खटल्यात वाद उभा राहिल्यानंतर मुद्दाम केलेली वहिवाट सहसा धरली जात नाही. दोन्ही देश राजी असल्याखेरीज हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय असा खटला चालवू शकत नाही. 2003 मध्ये दोघांनी तसा करार केला.

23 मे 2008 रोजी निकाल लागला. मूळ मालकी जोहोरच्या सुलतानाची, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही 12 विरुद्ध 4 मतांनी बेट सिंगापूरला मिळाले! कारण काय? 1953 मध्ये सिंगापूरने बेटाच्या मालकीबाबत विचारणा केली होती. जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांनी उत्तर दिले की, जोहोर सरकार या बेटावर मालकी सांगत नाही. पुढे सिंगापूरने तिथल्या जहाज अपघातांच्या चौकशा केल्या, झेंडा फडकवला. 1968 मध्ये मलेशियाने पुलाऊ पिसांग या दुसऱ्या बेटावरील सिंगापूरचा झेंडा उतरवायला लावला, पण इथे मात्र गप्प राहिला. शेजारचे मिडल रॉक्स मात्र मलेशियाकडेच राहिले, कारण तिथली मूळ मालकी सुटल्याचा पुरावा नव्हता.

आमच्या मते यातला धडा साधा आहे. जुना हक्क खरा असला तरी तो जागता ठेवावा लागतो. दुसऱ्याने वहिवाट सुरू केली तर वेळीच लेखी हरकत घ्यावी आणि मालकीविषयी पत्र आले तर जुनी दप्तरे उघडल्याशिवाय उत्तरावर सही करू नये. 1953 च्या त्या उत्तराची किंमत 55 वर्षांनी मोजावी लागली.