पाठीवर वारा, डोळ्यांपुढे ढग

आभाळाचे वाचन : लेखांक ९

मे महिन्यात दुपार कलली की आईची गच्चीवर एक फेरी ठरलेली असे. चटईवर कुरडया वाळत असत आणि पूर्वेकडे ढग चढू लागलेले असत. आई ढगाकडे फारशी बघत नसे. पदर कुठल्या बाजूला उडतो आहे, ते बघे. दिवसभराची तापलेली हवा एकदम थांबे आणि ढगाच्या बाजूने मातीच्या वासाचा गार झोत अंगावर येई. त्याच क्षणी तिची हाक येई, ‘‘उचला रे!’’ आम्ही चटया गुंडाळून जिना उतरेपर्यंत टपोरे थेंब पडू लागत.

तो गार झोत म्हणजे काय, हे मागच्या लेखांकात गारांच्या निमित्ताने आपण पाहिले. ढगातून पाऊस कोसळताना आपल्याबरोबर गार हवा खाली ओढून आणतो. ती जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. आपल्याकडच्या वळवाच्या ढगाचा शेवटही तीच करते. ढगाला वर चढणाऱ्या उबदार, दमट हवेचा खुराक लागतो आणि ही पसरलेली गार हवा तो खुराक तोडते. म्हणून वळीव तासाभरात येतो, झोडपतो आणि विरून जातो.

त्याच मे महिन्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा किंवा कॅन्सस राज्यात रस्त्याच्या कडेला गाडी लावून काही माणसे ढगाकडे तोंड करून उभी असतात. त्यांच्या पाठीवर येणारा वारा उबदार आणि ओलसर असतो आणि तो ढगाच्या दिशेने, ढगाच्या पोटात चाललेला असतो. हा वारा वाहतो आहे तोवर ढग जेवतो आहे, जिवंत आहे. या वाऱ्यात उभे राहता यावे म्हणून ही माणसे वर्षभराची रजा साठवतात, दोन-तीन आठवड्यांत हजारो किलोमीटर गाडी हाकतात आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततात. त्यांना ‘स्टॉर्म चेसर’ म्हणतात. आजचा लेखांक वादळाचा पाठलाग करणाऱ्या या माणसांविषयी.

लाटण्याची रवी होते तेव्हा

आधी नावांचा घोळ मिटवू. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि किनाऱ्यावर येण्याआधी काही दिवस त्याची चाहूल लागते. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते आणि पाचोळा उडवून संपते. टोर्नेडो या दोन्हींहून वेगळा. तो गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा असतो. त्याची रुंदी कधी काही मीटर तर क्वचित काही किलोमीटर, आणि आयुष्य बहुधा मिनिटांचे. अमेरिकेत वर्षाला सुमारे १२०० टोर्नेडो होतात.

तिथेच इतके का, याचे उत्तर नकाशात आहे. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात असल्यामुळे तिकडून दमट, उबदार हवा येते. पश्चिमेच्या उंच, कोरड्या प्रदेशातून कोरडी हवा येते. ती दमट हवेच्या वर झाकणासारखी बसते आणि दुपारपर्यंत वाफ कोंडून ठेवते. त्याहून वर पश्चिमेकडून वेगवान, थंड वारे वाहतात. जमिनीजवळ वारा दक्षिणेचा आणि सावकाश, वर पश्चिमेचा आणि सुसाट. या फरकामुळे मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. झाकण फुटून उबदार हवा उसळी मारते तेव्हा ती या फिरत्या लाटण्याला उभे करते. लाटण्याची रवी होते आणि अख्खा ढग घुसळला जाऊ लागतो.

अशा फिरत्या ढगाला ‘सुपरसेल’ म्हणतात. वरच्या वाऱ्यामुळे त्याचा पाऊस चढत्या हवेच्या वाटेवर न पडता पुढे जाऊन पडतो. त्यामुळे आपल्या वळवाचा घात करणारी गार हवा इथे लगेच आड येत नाही आणि ढग तासन्‌तास जगतो. मात्र प्रत्येक सुपरसेल टोर्नेडोला जन्म देत नाही. बरेचसे नुसते फिरत राहतात आणि विरतात. शेजारच्या दोन ढगांपैकी एकाचा भोवरा जमिनीला का टेकतो आणि दुसऱ्याचा का नाही, हे कोडे शास्त्राला अजून पुरते सुटलेले नाही. या कोड्याच्या ओढीनेच पाठलाग करणारे घराबाहेर पडतात.

बिस्मार्कचा मुलगा

या छंदाचा आरंभ बहुतेक जण डेव्हिड होडली यांच्यापासून धरतात. १९५६ साली नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावाला मोठ्या वादळाने झोडपले, तेव्हा ते शाळकरी वयात होते. त्या वादळाने त्यांना जे पछाडले ते कायमचे. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली, पण दर उन्हाळ्याच्या तोंडाला गाडी ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सपाट मैदानांकडे वळवण्याचा नेम सोडला नाही. तेव्हा ना उपग्रहाची चित्रे हाताशी होती, ना मोबाइल. वाटेतल्या गावच्या हवामान कार्यालयात जायचे, ठिकठिकाणचे तापमान, वारा आणि दवबिंदू उतरवून घ्यायचे आणि आपला नकाशा आपल्या हाताने काढायचा. १९७७ साली होडली यांनी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे छोटे वार्तापत्र सुरू केले. एकेकटे फिरणारे लोक त्यातून एकमेकांना ओळखू लागले. कुठे उभे राहिलो, ढगाचा तळ कसा दिसला, कुठे चुकलो, हे सगळे त्यात लिहिले जाई. माझ्या मते या छंदाला खरी उंची दिली ती या लिहून ठेवण्याने.

छंद विज्ञानाच्या उपयोगी पडला तो दिवस २४ मे १९७३. ओक्लाहोमातल्या युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला, तेव्हा नॉर्मन इथल्या राष्ट्रीय वादळ प्रयोगशाळेची आणि तिथल्या विद्यापीठाची माणसे त्याच्या समोर उभी राहून चित्रण करत होती. दुसरीकडे ढगातल्या वाऱ्यांचा वेग मोजणारे प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्याच ढगात डोकावत होते. टोर्नेडोचा जन्म, त्याची वाढ आणि दोरीसारखे बारीक होत विरणे, हा सगळा जीवनक्रम पहिल्यांदाच इतका नीट टिपला गेला. नंतर रडारच्या नोंदी तपासताना एक खूण हाती लागली. एकमेकांना खेटून, पण विरुद्ध दिशांना धावणारे वारे ढगात उंचावर दिसत होते, आणि भोवरा जमिनीला टेकण्याच्या आधीपासून दिसत होते. डोळ्यांनी पाहिलेले आणि रडारने पाहिलेले मिनिटाला मिनिट जुळवता आले, म्हणून या खुणेचा अर्थ लागला. अमेरिकेने पुढे देशभर डॉप्लर रडारचे जाळे विणले, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा होता.

रडार आले तरी डोळ्यांचे काम संपले नाही. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन त्याच्याखालून वाकत जाते. रडारपासून १०० किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जातो. त्याखाली काय चालले आहे, भोवरा टेकला आहे की अधांतरी आहे, हे सांगायला तिथे उभे असलेले माणूसच लागते. म्हणून तिथले हवामान खाते ‘स्कायवॉर्न’ या योजनेतून लाखो स्वयंसेवकांना ढगाचा तळ वाचायला शिकवते. त्यांच्या एका फोनमुळे इशाऱ्यातल्या ‘शक्यता आहे’ची जागा ‘दिसला आहे’ हे शब्द घेतात, आणि ते ऐकून माणसे तळघराकडे धावतात.

अस्वलाचा पिंजरा

पाठलागाचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो? सकाळी नकाशे बघून एक टापू नक्की करायचा. दुपारी त्या टापूतल्या एखाद्या गावच्या पेट्रोल पंपावर आभाळाकडे बघत बसायचे. झाकण फुटलेच नाही तर संध्याकाळपर्यंत निळेभोर आभाळ, आणि दिवस फुकट. फुटले तर मात्र फुलकोबीसारखा ढग बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच चढतो आणि वर ऐरणीसारखा सपाट पसरतो. मग त्याच्या आग्नेयेला जागा घ्यायची. ही वादळे बहुधा ईशान्येकडे सरकतात, त्यामुळे तिथून पाऊस आणि गारा आड येत नाहीत आणि ढगाचा काळा तळ मोकळा दिसतो.

त्या तळाखाली कधी कधी ढगाचा आणखी एक ठोकळा उतरतो. त्याला ‘वॉल क्लाउड’, म्हणजे भिंतीसारखा ढग, म्हणतात. नवखा माणूस लोंबणारी प्रत्येक चिंधी बघून दचकतो. जाणता माणूस एखाद्या विजेच्या खांबाच्या रेषेत ती चिंधी धरून बघतो. ती फिरते आहे का? वर खेचली जाते आहे का? आणि पाठीवरचा वारा अजून ढगाकडेच जातो आहे ना? भोवऱ्याभोवती पावसाचे पडदे गुंडाळलेली जी जागा असते, तिला हे लोक ‘अस्वलाचा पिंजरा’ म्हणतात. आत गेल्याशिवाय अस्वल दिसत नाही, आणि दिसते तेव्हा बाहेर पडायला वाट नसते.

त्या पिंजऱ्यात यंत्रे ठेवण्याचे प्रयत्न माणसांनी केले. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्लूस्टाइन आणि त्यांचे सहकारी ‘टोटो’ नावाचे पिंपाएवढे यंत्र टोर्नेडोच्या वाटेत ठेवायला धावत होते. ते मनासारखे कधी साधले नाही, पण १९९६च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटातले यंत्र त्यावरूनच सुचले. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा सिटीजवळ शास्त्रज्ञ जोशुआ वर्मन यांच्या ट्रकवरच्या डॉप्लर रडारने लांबूनच ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाचा वारा मोजला. पिंजऱ्याच्या आतले माप मिळवले ते टिम समारास यांनी. ते कोलोरॅडोचे अभियंते, आणि कॉलेजची पदवी न घेता स्वतःच्या हिमतीवर घडलेले. त्यांनी कासवासारखे बसके यंत्र बनवले. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या चिमुकल्या गावाजवळ त्यांनी ते रस्त्यावर ठेवले आणि तिथून पळ काढला. टोर्नेडो यंत्रावरून गेला. हवेचा दाब १०० मिलिबारांनी कोसळल्याची नोंद त्यात उमटली होती. मँचेस्टर गाव त्या दिवशी उद्ध्वस्त झाले.

एल रिनोचा धडा

समारास यांची ख्याती सावधपणाची होती. म्हणूनच ३१ मे २०१३ या दिवसाने सगळ्यांना हादरवले. ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ उतरलेला टोर्नेडो काही मिनिटांत फुगत सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. एवढ्या रुंदीच्या टोर्नेडोची त्याआधी नोंद नव्हती. पावसात लपलेला तो एकाएकी वळला आणि त्याचा वेगही वाढला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गाडीसह त्यात सापडले आणि तिघेही गेले. प्रत्यक्ष टोर्नेडोत पाठलाग करणाऱ्यांचा बळी जाण्याची ही पहिलीच ज्ञात घटना. ट्रकवरच्या रडारने या टोर्नेडोतही ताशी सुमारे ४८० किलोमीटरचे वारे मोजले. तरी अधिकृत श्रेणीत तो सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर न बसता तिसऱ्या पायरीवर बसला, कारण हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांच्या मूळ कल्पनेवरची ही मोजपट्टी झालेल्या पडझडीवरून वाऱ्याचा अंदाज बांधते, आणि तो बराचसा मोकळ्या शेतांवरून गेला होता.

जुने जाणते नवख्यांना सांगतात की भोवऱ्यापेक्षा रस्ता जास्त माणसे मारतो. २०२२च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणारी तीन मुले कॅन्ससमधला टोर्नेडो पाहून परतत होती. पावसात त्यांची गाडी घसरली आणि तिघांचा अंत झाला. आज हातातल्या फोनवर रडार दिसते, त्यामुळे चांगल्या ढगामागे गाड्यांची रांग लागते. चित्रफितीसाठी आणखी जवळ जाण्याची चढाओढ लागते. एखाद्याचे घर मोडून पडताना आनंदाने ओरडणारे आवाजही त्या फितींत ऐकू येतात, आणि ते ऐकून मला वाईट वाटते. ढगाचे वेड लागावे, जरूर लागावे. पण तो ढग कुणाच्या तरी अंगणावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबचीही नाही. ज्ञात इतिहासातला सर्वांत जीवघेणा टोर्नेडो बांगलादेशातला आहे. २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यात सुमारे १३०० माणसे त्यात दगावली. बंगालच्या उपसागराची वाफ, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वरचे सुसाट वारे, असा तिथल्या कालबैसाखीचा, म्हणजे वैशाखातल्या वादळांचा, मसाला ओक्लाहोमासारखाच आहे. महाराष्ट्रात मे महिन्यात वाफ असते, उकाडा असतो, पण वरचे पश्चिमी वारे तोवर मंदावलेले असतात. म्हणून आपला वळीव सहसा फिरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते वारे जोरात असतात. अशा वेळी वाफ आली, तर काय होते ते मराठवाड्याने आणि विदर्भाने २०१४च्या गारपिटीत सोसले आहे. आभाळाकडे बघून, वेळ आणि ठिकाण टिपून ठेवणारी माणसे आपल्याकडेही गावोगाव हवी आहेत. त्यासाठी गाडी घेऊन पळायची गरज नाही. आपली गच्ची आणि एक वही पुरे.

मैदानांतल्या जाणत्या माणसांचा एक दंडक आहे. पाठीवरचा उबदार वारा थांबला आणि ढगाकडून गार झोत तोंडावर आला, की जागा सोडायची. ढग म्हातारा झाला असेल, नाहीतर त्याचा सर्वांत धोकादायक भाग आपल्यापर्यंत पोहोचत असेल. दोन्हींपैकी काय, हे बघत थांबायचे नाही. आईने हवामानशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते. पण वारा फिरला की ती ढगाकडे पुन्हा वळून बघायला थांबली आहे, असे मला एकदाही आठवत नाही.

(पुढील लेखांकात : वीज कुठे पडते आणि का)