कावीळ, सुई आणि मालकाचे कर्तव्य

१८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन शहरी जहाजबांधणीच्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस माणसाच्या अंगावरील फोडातून घेतलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. वेगळ्या लशीने टोचलेले कामगार मात्र निरोगी राहिले. एका रोगापासून वाचवू गेलेल्या सुईने दुसरा रोग अंगात घातला! आज तीच सुई त्या दुसऱ्या रोगाला दाराबाहेर ठेवू शकते. हे कसे घडले, आणि त्यात आपणा नागरिकांचे काम कोणते, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

‘कावीळ’ हे एका रोगाचे नाव नव्हे. ते अनेक रोगांचे एक लक्षण आहे. पावसाळ्यात घाण पाण्यातून येणारी कावीळ वेगळी आणि ‘हेपटायटिस बी’ वेगळा. हा दुसरा रोग रक्तावाटे, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. एका पंगतीस जेवल्याने तो होत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. मोठ्या माणसांतील बहुतेक जण त्यातून बरे होतात. परंतु शंभरांत सुमारे पाच जणांच्या यकृतात तो ठाण मांडतो. डोळे पिवळे होत नाहीत, माणूस कामावर जात राहतो, आणि कित्येक वर्षांनी यकृत निबर होते किंवा त्यास कर्करोग जडतो.

आता इस्पितळाकडे वळू. अशा रोग्यास टोचलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला लागली, तर शंभरांत सहा ते तीस वेळा रोग होऊ शकतो. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीन आहे. शिवाय वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. डॉक्टर सुई वापरतो, परिचारिका ती ठेवते. पण वॉर्डातील मावशी कचऱ्याची पिशवी उचलते तेव्हा आत काय आहे, हे तिला दिसत नसते.

यावर उपाय आहे. ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञास एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात १९६० नंतरच्या दशकात या विषाणूचा माग लागला, आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली पहिली लस आली. ती मानवी रक्तातून काढीत. १९८६ पासून ती यीस्टमध्ये तयार होऊ लागली, म्हणजे ब्रेमेनची भीती मुळातच नाहीशी झाली. १९९७ साली हैदराबादेत भारतीय बनावटीची लस निघाली. पहिली टोचणी आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांत रक्त तपासून संरक्षण आले की नाही ते पाहावयाचे.

ही लस कोणी द्यावी? अमेरिकेत १९९१ साली नियम झाला की, कामात रक्ताशी संबंध येणाऱ्या नोकरास मालकाने ती विनामूल्य देऊ करावी. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी इस्पितळांवर हीच जबाबदारी टाकली. तीत कचरा हाताळणारे सर्वजण येतात. २०११ पासून देशभर बालकांना ही लस मिळू लागली खरी. पण आज झाडू हाती असलेली मावशी त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली असते.

अडचण लशीची नाही, यादीची आहे. कंत्राटी कामगाराचे नाव पहिल्या टोचणीस असते आणि तिसरीच्या वेळी कंत्राटदारच बदललेला असतो. आपणांपैकी कोणी इस्पितळाचे विश्वस्त असाल, कोणी प्रयोगशाळा चालवीत असाल. उद्या सकाळी एवढेच विचारा: “मावशी, तुमची तिसरी सुई झाली का?” आणि सुई लागलीच, तर जखम साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, हेही तिला सांगा. जी बाई आपल्या रोग्यांची घाण उपसते, तिच्या यकृताची काळजी वाहणे हा धर्मादाय नव्हे. ते ऋण आहे.