गोठविलेला मटार : चव आणि मोल

खुडल्यानंतरही भाजी जिवंतच असते. तिच्या पेशींचे श्वसन चालू राहते आणि त्यात साठलेली साखर खर्च होते. मटाराच्या दाण्यात हा बदल विशेष वेगाने घडतो. काही साखर श्वसनात जाते, तर काहीचे रूपांतर पिष्टात होते. त्यामुळे शेतात गोड लागणारा दाणा दोन-तीन दिवसांनी बाजारात पिठूळ लागतो. चांगल्या कारखान्यात मात्र तोडणीनंतर काही तासांतच दाणे गोठविले जातात. तेव्हा गोठविलेली भाजी म्हणजे शिळी भाजी, हा समज सरसकट खरा नाही.

येथे महत्त्व आहे ते गोठविण्याच्या वेगाला. भाजी सावकाश गोठली की तिच्यातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात व ते पेशींच्या भित्ती फाडतात. अशी भाजी वितळताच पाणी सुटून ती लिबलिबीत होते. जलद गोठविल्यास स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थाने १९१२ नंतरच्या काही वर्षांत लाब्रादोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठणारे मासे पाहिले आणि पुढे त्याच तत्त्वावर यंत्रे बनविली. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील दुकानांत असे पदार्थ विक्रीस आले.

गोठविण्यापूर्वी दाणे अल्पकाळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात. यामुळे रंग व चव बिघडविणारी एन्झाइमे निष्क्रिय होतात. या क्रियेत ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो हे खरे. परंतु ताज्या म्हणविल्या जाणाऱ्या भाजीतही ते दिवसागणिक घटतच असते.

मटार, मक्याचे दाणे व फरसबी हा उपचार चांगला सोसतात. काकडीसारख्या पाणीदार व कच्च्या खाण्याच्या भाज्यांना तो मानवत नाही.

खरेदी करताना पिशवी हाताने चाचपावी. दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. त्यांचा गोळा झाला असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव असतो. साठवण उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असावी लागते. वीज वारंवार जाते तेथे ही साखळी तुटते आणि उत्तम कारखान्याचा मालही वाया जातो.

किमतीची तुलना खाण्याजोग्या वजनाशी करावी. शेंगांच्या वजनात दाणे साधारण निम्मे भरतात. शेंगांचा भाव किलोला ४० रुपये असेल, तर दाणे ८० रुपयांच्या आसपास पडले, शिवाय सोलण्याचे श्रम वेगळे. हिवाळ्यात शेंगा स्वस्त असताना ताजा मटारच घ्यावा. उन्हाळ्यात बहुधा पिशवी परवडते.

गोठविण्याने जंतूंची वाढ थांबते, पण सर्व जंतू मरत नाहीत. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील पाच देशांत लिस्टेरिया जंतूंच्या संसर्गाने नऊ माणसे दगावली; तपासात त्याचा माग गोठविलेल्या मक्यापर्यंत पोहोचला. म्हणून असे दाणे कच्चे खाऊ नयेत. ते न वितळविता थेट भांड्यात घालून, थोड्या पाण्यात, नीट वाफ येईपर्यंत शिजवावेत. फार शिजविले, तर जपून आणलेली गोडी चुलीवरच नाहीशी होते.