तिरप्या भोकासाठी स्क्रू कोणता?

शाळेत नवा बाक आला की तो कसा घट्ट उभा असतो! दोन-तीन वर्षे गेली की मात्र तो डुगडुगू लागतो. फळ्या शाबूत असतात, लाकूड कुठे मोडलेले नसते. सैल झालेला असतो तो सांधा. लाकडी सामानाचे आयुष्य लाकडाइतकेच त्याच्या सांध्यांवर अवलंबून असते, ते यामुळेच.

भंडारा जिल्ह्यातील जंगलांत साग, ऐन, बीजा ही झाडे आढळतात. आपल्याकडचे वाढई पटाशीने एका लाकडात खाच पाडतात, दुसऱ्याला तिच्यात नेमकी बसेल अशी जीभ करतात आणि दोन्ही जोडतात. हा सांधा उत्तमच; पण त्याला वेळ लागतो आणि कसलेला हातही लागतो. दुसरी एक सोपी पद्धत आता बरीच वापरली जाते. तिला 'पॉकेट होल' म्हणजे खिशाचे भोक म्हणतात. एका फळीच्या सपाट अंगावरून, सुमारे १५ अंशांचा कोन करून, फळीच्या टोकाकडे तिरपे भोक पाडायचे आणि त्यातून स्क्रू दुसऱ्या फळीत पिळायचा. भोकाचा सुरुवातीचा भाग रुंद असतो. स्क्रूचे डोके त्या 'खिशात' लपते.

तिरपे कशासाठी?

धानाच्या तणसाची पेंडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या टोकातून काडी खुपसली तर ती काड्यांच्या मधून सहज आत जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. तीच काडी पेंडीत आडवी घुसवली तर अडकून बसते. लाकूडही अशाच लांब तंतूंचे बनलेले आहे. फळीच्या टोकात सरळ पिळलेल्या स्क्रूची पकड म्हणूनच कमी असते. तिरप्या भोकातून गेलेला स्क्रू दुसऱ्या फळीच्या तंतूंना आडवा जातो व त्यांना घट्ट धरतो.

लांबी

१९ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या जोडायच्या असतील तर ३२ मिलिमीटर लांबीचा स्क्रू योग्य ठरतो. त्याचा साधारण निम्मा भाग पहिल्या फळीत राहतो आणि निम्मा दुसरीत जातो. १२ मिलिमीटरच्या फळ्यांना २५ मिलिमीटरचा, तर ३८ मिलिमीटरच्या जाड लाकडाला ६४ मिलिमीटरचा स्क्रू घेतात. स्क्रू आखूड असला तर पकड अपुरी पडते. फार लांब असला तर त्याचे टोक पलीकडून बाहेर डोकावते.

आटे

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, हे तुम्ही साध्या यंत्रांच्या पाठात शिकला आहात. या उताराच्या वेढ्यांना आटे म्हणतात. मऊ लाकडासाठी आणि प्लायवुडसाठी विरळ, खोल आट्यांचा स्क्रू घ्यावा. दोन आट्यांमध्ये लाकडाचा जाड थर सापडतो आणि तो सहजासहजी तुटत नाही. कठीण लाकडात मात्र हेच रुंद आटे तंतूंना बाजूला रेटतात आणि फळी चिरते. तेथे दाट, बारीक आट्यांचा स्क्रू हवा.

लाकूड कठीण की मऊ, हे कसे ठरवावे? वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या सर्व झाडांचे लाकूड 'कठीण' वर्गात मोडते. सावरही त्याच वर्गात येते. पण तिच्या लाकडात नख रुतते! स्क्रू निवडताना वर्गाचे नाव पाहण्यापेक्षा नखाची परीक्षा जास्त उपयोगी पडते.

डोके

नेहमीच्या लाकडी स्क्रूचे डोके खालून शंकूसारखे निमुळते असते. खिशाच्या भोकात ते पाचरीचे काम करते. शंकूचा कोन ९० अंशांचा असेल आणि घर्षण सोडून दिले, तर स्क्रू जितक्या बलाने आत ओढला जातो, साधारण तितकेच एकूण बल लाकडाला बाजूंना फाकवते. परिणामी महागाची सागाची फळी टोकाशी फाटते. म्हणून खालून सपाट असलेल्या डोक्याचा स्क्रूच घ्यावा. भोकातील सपाट पायरीवर तो टेकतो आणि दाब सारखा वाटला जातो.

आता थोडे गणित. स्क्रूचे ताणबल १०० न्यूटन मानू. १५ अंशांची कोज्या ०.९७ आहे व ज्या ०.२६. म्हणजे ९७ न्यूटनचा घटक फळ्यांना एकमेकींकडे ओढतो, तर २६ न्यूटनचा घटक त्यांना एकमेकींवरून सरकवू पाहतो. म्हणून स्क्रू पिळताना दोन्ही फळ्या शिकंज्यात घट्ट धराव्या लागतात; नाहीतर सांध्याशी एक फळी वर, एक खाली राहते.

धातू

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळी स्क्रू गंजत नाही आणि दिसतोही छान. पण पितळ पोलादापेक्षा नरम असते, त्यामुळे कठीण लाकडात जोराने पिळताना असा स्क्रू मध्येच तुटतो. सांध्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी स्क्रू बरा. पितळीच हवा असेल तर त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी पिळून काढावा आणि मग त्या जागी पितळी बसवावा.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. सावरीच्या एका तुकड्यात दोन सारखे स्क्रू १० मिलिमीटर खोल पिळा; एक टोकातून, दुसरा बाजूने. मग दोन्ही पकडीने सरळ ओढून पाहा. जास्त जोर कोणाला लागतो? नंतर तिरप्या भोकाची एक लहान चौकट करा. लाकडाचा प्रकार, फळीची जाडी, स्क्रूची लांबी व आटे यांची वहीत नोंद ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेव्हा पुढच्या मे महिन्यात तीच चौकट पुन्हा हलवून पाहा आणि सांधा किती टिकला ते नोंदीपुढे लिहा.