चाकांवरची राहुटी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील राज्यांत शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की शुक्रवारी दुपारनंतर मिशिगन सरोवराच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गांवर मोटारींच्या मागे जोडलेली नाना आकारांची फिरती घरे दिसू लागतात. त्यांतली काही एखाद्या लहानशा बंगल्याएवढी अवाढव्य असतात, आणि त्यांच्या दिमाखापुढे सहसा कोणाच्या नजरेत न भरणारी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीची, चपट्या बंद पेटीच्या आकाराची एक गाडी एखाद्या साध्या कौटुंबिक मोटारीच्या मागून निमूटपणे चाललेली असते. मुक्कामाला पोहोचल्यावर हिच्या पुढच्या अंगाला असलेल्या विंचचा दांडा फिरवला, की छप्पर चारही कोपऱ्यांवर एकदम वर चढते, दोन्ही बाजूंनी खणासारखे दोन पलंग बाहेर ओढले जातात, त्यांच्यावर कॅनव्हासच्या कनाती ताणल्या जातात, आणि अर्ध्या तासाच्या आत पाच-सहा माणसांच्या निजण्याची, बसण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली राहुटी उभी राहते. हा पॉप-अप कॅम्पर. नवा घेण्याची ऐपत नसलेल्या, किंवा असूनही ती रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवणाऱ्या कुटुंबाने तो जुना घ्यावा, मात्र डोळसपणे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वाहनामागे एक इतिहास आहे. यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानाचे दरवाजे मोटारींना १९१५ च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे खुले झाले, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारे स्वतंत्र खाते स्थापन झाले, आणि तंबू व बाडबिस्तरा मोटारीत भरून सहकुटुंब अरण्यात जाण्याची प्रथा या देशात हळूहळू रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत महामार्ग वाढले, सुट्या वाढल्या, आणि तंबूची गैरसोय नको पण मोठ्या फिरत्या घराचा खर्चही झेपत नाही, अशा मधल्या वर्गासाठी घडीचे कॅम्पर मोठ्या प्रमाणावर बनू लागले. इंडियाना राज्यातील मिडलबरी गावाजवळ लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ मध्ये आपल्या शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि गोठ्यात ‘जेको’ या कंपनीचा आरंभ केला तो अशाच कॅम्परपासून, आणि छप्पर उचलण्याची स्वतः योजलेली यंत्ररचना हेच त्यांचे मुख्य भांडवल होते. कंदील व स्टोव्ह यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘कोलमन’च्या नावाचे कॅम्परही कित्येक वर्षे घरोघरी दिसत. अलीकडे हा प्रकार नव्याने बनवणारे कारखाने बरेच कमी झाले आहेत. तथापि जुन्यांचा बाजार वसंत ऋतूत आजही तेजीत असतो, आणि म्हणूनच घासाघीस करू इच्छिणाऱ्याने थंडीची चाहूल लागता लागता, म्हणजे मालकाला हिवाळाभर गाडी ठेवण्याची विवंचना पडलेली असते अशा वेळी, खरेदीला निघावे.

या देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या वाहनाचा एक विशेष उपयोग आहे. उन्हाळ्यात पुण्या-नागपुराहून आई-वडील नातवंडांच्या भेटीला येतात, आणि त्यांना सोबत घेऊन सरोवराकाठी दोन रात्री काढाव्यात अशी इच्छा असली, तरी गुडघे धरलेल्या आजींना जमिनीवरच्या पथारीतून रात्री उठणे अशक्यप्राय असते. कॅम्परमध्ये अंथरूण जमिनीपासून वर असते, ओल लागत नाही, पावसात पाणी खाली येत नाही, आणि चहा ठेवायला गॅसची शेगडी हाताशी असते. मात्र बाहेर ओढले जाणारे पलंग बरेच उंच असून त्यांवर चढावे लागते, तेव्हा आजी-आजोबांना जेवणाचे टेबल खाली उतरवून होणारा मधला पलंग द्यावा आणि उंचावरचे पलंग मुलांकडे सोपवावेत, हे उत्तम.

आता वजनाचा हिशेब. खरेदीदार बहुधा आपली मोटार किती पौंड ओढू शकते तेवढेच पाहतो आणि तेथेच थांबतो. एखाद्या मिनीव्हॅनची क्षमता ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो आहे, आणि कॅम्परचे रिकामे वजन १,८०० पौंड आहे, एवढ्यावर तो निर्धास्त होतो. वस्तुतः विचारात घ्यायचे ते कॅम्परचे रिकामे वजन नव्हे, तर भरलेले. एक गॅलन पाण्याचे वजन सव्वाआठ पौंडांहून किंचित अधिक असते, म्हणून वीस गॅलनची टाकी भरली की दीडशेहून अधिक पौंड वाढतात. त्यावर गॅसचे नळकांडे, बॅटरी, गाद्या, भांडीकुंडी आणि मुलांच्या सायकली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कॅम्परच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे पर्यायाने मोटारीच्या मागच्या चाकांवर पडतो, आणि तो मोटारीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. ही क्षमता चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर छापलेली असते. ती १,२०० पौंड आहे असे धरले आणि आत दीडशे पौंडांच्या सरासरीने सहा माणसे बसली, तर ९०० पौंड संपले. उरलेल्या ३०० पौंडांत अडीच हजार पौंडांच्या भरलेल्या कॅम्परचा अडीचशे पौंडांचा किमान भार बसवला, तर मोटारीत सामानासाठी पन्नास पौंड शिल्लक राहतात. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबाने ही वजाबाकी घरी कागदावर करावी, विक्रेत्याच्या अंगणात तोंडी नव्हे. मोटारीला ओढण्याची जोडणी आधीपासून बसवलेली नसेल, तर ती बसवण्याचा आणि कॅम्परला विद्युत् ब्रेक असतील तर मोटारीत त्यांचा नियंत्रक लावण्याचा खर्चही किमतीत धरावा. किती वजनावर ब्रेक सक्तीचे याचा कायदा राज्याराज्यांत निराळा असून पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा ३,००० पौंड आहे. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून उतार सौम्य होत नाही, आणि मुलाबाळांची गाडी ओढणाऱ्याने ब्रेक असलेलाच कॅम्पर पसंत करावा.

जुना कॅम्पर पाहायला गेल्यावर रंग, पडदे, गाद्यांच्या खोळी यांकडे प्रथम लक्ष जाते, आणि नेमकी हीच दुय्यम बाब आहे. या वाहनाचा खरा वैरी पाणी. छपराच्या आत पुष्कळ कॅम्परांत लाकडी चौकट असते, वरच्या पत्र्याच्या सांध्यांतून किंवा हवेच्या झरोक्याच्या कडेने पाणी झिरपू लागले की ती आतल्या आत कुजते, आणि बाहेरून मात्र सर्व काही सुस्थितीत दिसते. म्हणून छताच्या आतल्या बाजूला कोपऱ्यांत व झरोक्याभोवती अंगठ्याने दाबून पाहावे. कोठेही ते दबले, फुगलेले वाटले, किंवा चहाच्या रंगाचे डाग दिसले, तर तेथे पाणी शिरलेले आहे हे निश्चित समजावे. दाराशेजारची जमीन, सिंकखालचा भाग आणि पलंगांच्या फळ्यांच्या कडा यांची तीच परीक्षा करावी. दार उघडताच कुबट वास आला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि सुगंधी द्रव्याचा भपकारा आला तर अधिकच चिकित्सा करावी. कॅनव्हास संपूर्ण ताणून, आतून बाहेरच्या उजेडाकडे पाहत, शिवणीशिवणीने तपासावा. सुईच्या अग्राएवढी छिद्रे तेव्हाच दिसतात. काळे ठिपके म्हणजे बुरशी. नवा कॅनव्हास करून घेण्याचा खर्च कित्येकदा जुन्या कॅम्परच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडतो, हे सौदा करताना स्मरणात असावे.

त्यानंतर छपराची यंत्रणा. एकाच विंचच्या फिरण्याने चार कोपऱ्यांतले चार खांब वर जातात ते कॅम्परच्या तळाखालून, चौकटीच्या बाजूने नेलेल्या तारदोरांच्या आणि कप्प्यांच्या साहाय्याने. इंडियानातील गोशेनजवळ एका वृद्ध मालकाच्या अंगणात ही तपासणी जशी झालेली मी पाहिली, तशी ती सर्वत्र व्हावी असे वाटते. त्याने खरेदीला आलेल्या गृहस्थांच्या हाती दांडा दिला, स्वतः बाजूला उभा राहिला, आणि ‘सावकाश फिरवा, आवाज ऐका,’ एवढेच सांगितले. छप्पर इंचाइंचाने वर चढू लागले. चारही कोपरे समपातळीत चढताहेत की एखादा मागे राहतो आहे, तार कप्पीवरून सरळ सरकते आहे की कोठे अडून मग झटक्याने सुटते आहे, हे पाहण्यासाठी त्याची पत्नी मागच्या बाजूला उभी होती. छप्पर पुरते वर गेल्यावर त्याने खांबांना आधाराचे टेकू लावले, कारण तार तुटली तर शेकडो पौंडांचे छप्पर खालच्या माणसावर कोसळू शकते, आणि मग गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात तारदोराचा प्रत्येक दिसणारा भाग दाखवला. एका ठिकाणी दोन बारीक धागे तुटून केसांसारखे वर आले होते. ते त्याने लपवले नाहीत. ती तार बदलण्याची रक्कम किमतीतून आपणहून वजा केली. ग्रीस कधी भरले, टायर कधी बदलले, याची वर्षवार नोंद असलेली त्याची लहान वही पाहिल्यावर माझी खात्री झाली, की जुन्या वस्तूच्या खरेदीत वस्तूइतकीच तिच्या मालकाचीही परीक्षा करावी.

टायरांच्या बाबतीत नक्षी शाबूत दिसल्याने फसगत होते. वर्षातून दोन-चारदाच रस्त्यावर येणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते उन्हाने व वयाने तडकतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या खुणेचे शेवटचे चार अंक पाहावेत. तेथे २३१४ असेल, तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर दिसायला कितीही नवा असो, तो बदलून मगच लांबचा प्रवास करावा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले असता घरघर ऐकू आली, किंवा वरखाली हलवून पाहता ते डुगडुगले, तर बेअरिंग खराब आहेत. ती एरवीही दरवर्षी उघडून, स्वच्छ करून, ग्रीस भरून बसवायची असतात.

कागदपत्रांचे काम थोडक्यात आटोपते, पण टाळता येत नाही. मालकीचा दाखला विक्रेत्याच्याच नावाचा असावा, चौकटीवर कोरलेला क्रमांक त्याच्याशी जुळावा, आणि त्यावर एखाद्या बँकेचा बोजा नोंदलेला नाही ना, हे आपल्याकडे जमीन घेताना सातबारा जितक्या बारकाईने पाहतात तितक्याच बारकाईने पाहावे. काही राज्ये हलक्या गाड्यांना असा दाखला देतच नाहीत. तेथे जुनी नोंदणी आणि सहीचे खरेदीपत्र पुरते.

ओढण्याची कला वाटते तितकी कठीण नाही. घडी घातलेला कॅम्पर ठेंगणा असल्यामुळे आरशातून त्याच्यावरून मागचा रस्ता दिसतो, आणि वाऱ्याचा धक्काही मोठ्या फिरत्या घरापेक्षा कमी बसतो. परंतु त्यातले सामान कसे भरले यावर सारे अवलंबून असते. भाराचा सुमारे साठ टक्के भाग चाकांच्या पुढे असावा. मागचा भाग जड झाला, तर वेग वाढताच कॅम्पर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि त्या घटकेला घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणे किंवा सुकाणूचे चाक जोराने वळवणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया होय. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, चाक सरळ धरून ठेवावे, आणि कॅम्परचे ब्रेक तेवढे नियंत्रकावरून हाताने लावावेत. निघण्यापूर्वी सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून अडकवाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडा जमिनीवर आपटत नाही. वेगाची मर्यादाही निराळी असते: कॅलिफोर्नियात काही ओढून नेणाऱ्या वाहनास ताशी ५५ मैलांहून अधिक वेगाने जाण्यास मनाई आहे. मागे नेण्याचा सराव रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या वाहनतळावर करावा. सुकाणूच्या चाकाच्या तळाशी हात धरून, कॅम्पर ज्या दिशेला जायला हवा त्या दिशेला हात सरकवावा. आखूड गाडी पटकन वळते, म्हणून हालचाल अगदी थोडी असावी.

मुक्कामाची जागा आधी राखून ठेवावी लागते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बऱ्याच तळांची नोंदणी सहा महिने आधी खुली होते आणि सुटीच्या तारखा पाहता पाहता संपतात. नोंदणीपूर्वी नियम वाचावेत, कारण यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे अस्वलांच्या वावरामुळे तंबूंना आणि कॅनव्हासच्या भिंती असलेल्या कॅम्परांना परवानगी नाही. तळावर प्रथम डाव्या-उजव्या बाजूची पातळी साधावी, चाकांना अडण्या लावाव्यात, मग मोटार सोडवावी, पुढची-मागची पातळी पुढच्या जॅकने करावी, चार कोपऱ्यांचे टेकू जमिनीला टेकवावेत, आणि सरतेशेवटी छप्पर उचलावे. हे टेकू गाडी स्थिर करण्यासाठी असतात, तिचे वजन उचलण्यासाठी नव्हे. रात्री थंडी वाजली तरी ऊब मिळवण्यासाठी आत शेगडी पेटती ठेवू नये. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या वायूची सूचना देणारे यंत्र जुने असेल तर घेतल्या दिवशीच बदलावे. आणि सकाळी वरण-भाताचा कुकर लावताना शांततेची वेळ संपली आहे की नाही ते पाहावे, कारण पाइन वृक्षांच्या तळावर शिटी फार दूरवर पोहोचते.

परतीच्या दिवशी पाऊस असला, तर कॅनव्हास ओला असतानाच घडी घालणे भाग पडते, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र घरी पोहोचल्यावर, फार तर दुसऱ्या दिवशी, तो पुन्हा उघडून वाळवला पाहिजे. ज्यांच्या वसाहतीत अंगणात गाडी उभी करण्यास मज्जाव आहे, त्यांनी ही तजवीज खरेदीपूर्वीच करावी. एखाद्या स्नेह्याचे अंगण मागून ठेवावे किंवा भाड्याचे गोदाम पाहावे. वाळवताना पलंग दोन्हीकडे पूर्ण ओढावेत, खिडक्यांचे पडदे उघडे ठेवावेत, गाद्या उभ्या कराव्यात, आणि बंद करण्यापूर्वी शिवणींना हात लावून पाहावा. कापड लवकर सुकते, शिवणीतला दोरा मात्र पुढचे कित्येक तास ओल धरून ठेवतो.