गोयाच्या चेटकिणी : आधी बघू, मग बोलू

मंडळी, काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण आधी दात बघतो, चाल बघतो, मगच किमतीचं बोलतो. चित्राचंही तसंच. आधी नीट बघायचं, अर्थ नंतर.

पडद्यावर आहे फ्रान्सिस्को गोया या स्पॅनिश चित्रकाराचं ‘चेटकिणींचं उड्डाण’. साल 1797-98. आकार जेमतेम 43 बाय 30 सेंटिमीटर. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ओसुनाच्या ड्यूक दांपत्यासाठी गोयानं चेटूक आणि भुताखेतांवर सहा चित्रं काढली, त्यांतलं हे एक.

काय दिसतं? काळाकुट्ट अंधार. हवेत तिघं जण, कमरेच्या वर उघडे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या. त्यांनी एका नग्न माणसाला उचलून धरलंय आणि त्याच्या अंगाला तोंडं लावलीत. रक्त शोषतायत की फुंकर घालतायत, चित्र सांगत नाही. खाली एक जण कान दाबून पडलाय. दुसरा डोक्यावरून पांढरं कापड घेऊन चाललाय. बोटांमध्ये अंगठा खुपसून केलेली त्याच्या हाताची खूण बघा. आपण दृष्ट काढतो ना, तसाच तिकडचा हा तोडगा. बाजूला गाढव.

गाढव म्हणजे अज्ञान, हे तिकडे आणि इकडे सारखंच. टोप्यांचं काय? इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय दोषी ठरवलेल्यांच्या डोक्यावर उंच, निमुळत्या टोप्या चढवत असे. या टोप्या बघून तेव्हाच्या माणसाला त्याच आठवणार. म्हणजे चेटकीण बघताना तिच्यावर आरोप करणारेही आठवतात.

आता वातावरण. चंद्र नाही, घर नाही, आडोसा नाही. सगळ्यात जास्त उजेड वरच्यांवर आहे, पण खालचे दोघे वर बघतच नाहीत. एकानं कान झाकलेत, दुसऱ्यानं डोकं. आमच्या मते चित्रातली खरी भीती इथं आहे.

ही गोष्ट स्पेनपुरती नाही. आपल्याकडं सातपुड्यात बायांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्यात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं गुरांचं दूध आटवतो, असं पसरवणं गुन्हा ठरवलंय. दुधाचा धंदा करणाऱ्या आपल्या गावांनी हे लक्षात ठेवावं. गाय आटली तर डॉक्टर बोलवायचा.

आणि कुणी शेजारणीकडं बोट दाखवलं, तर त्याला आपण एवढंच विचारू : तू स्वतः काय बघितलंस?